मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आणि डोळ्याचा बाक

मळवली स्टेशनावर लोकलमधून उतरायचे, द्रुतगती महामार्गावरचा पूल ओलांडायचा आणि डोंगर समोर ठेवून चालू लागायचे. थोड्याच वेळात भाजे गाव लागते. वर डोंगराच्या कुशीत दोन हजार वर्षांहून जुनी लेणी, त्यांच्यामागे विसापूर, बाजूला लोहगड आणि खाली भाताची खाचरे. हे माझे आजोळ. माझे मामा तिथेच राहतात. सारा जन्म त्यांनी प्राथमिक शाळेत मुलांना अक्षरे गिरवायला शिकवण्यात घालवला. गावात लहानथोर त्यांना गुरुजी म्हणूनच ओळखतात. आज या गुरुजींच्या डोळ्यांची हकीकत मी तुम्हांला सांगणार आहे. हकीकत एका घरची असली, तरी तिच्यातला धडा घरोघरी उपयोगी पडेल. कारण मोतीबिंदू चुकला आहे असे म्हातारपण आपल्याकडे विरळाच.

आधीच सांगून टाकतो, मी डॉक्टर नव्हे. कॉलेजात इतिहास शिकवतो. पण मामांना घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरांकडे चारपाच खेपा झाल्या, तिथे विद्यार्थ्यासारखे प्रश्न विचारले, घरी येऊन पुस्तके चाळली आणि जे उमगले ते साध्या भाषेत तुमच्यापुढे ठेवतो आहे. तुमच्या डोळ्याचा निर्णय तुमचे डॉक्टरच करतील. त्यांना काय विचारावे, एवढेच मी सांगू शकेन.

तर झाले असे. सहा वर्षांपूर्वी ऐन उन्हाळ्यात एका शिबिरात मामांच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला. शस्त्रक्रिया निर्वेध पार पडली. पट्टी सुटली तेव्हा घराची भिंत नुकता चुना दिल्यासारखी पांढरीशुभ्र दिसली आणि मामींनी देवापुढे साखर ठेवली. दीड महिन्याने पुन्हा या, चष्म्याचा नंबर काढू, असे त्यांना बजावले होते. पण दीड महिन्याने भाताची लावणी आली. लावणी सोडून डोळ्याला कोण जातो? तपासणी राहून गेली. शिबिरात मिळालेला कागदही पुढे घर शाकारताना कुठे गेला तो गेलाच. मामांनी बाजारातून जवळच्या वाचनाचा एक तयार चष्मा आणला आणि त्यावर भागवायचे ठरवले.

भागले मात्र नाही. देवळातल्या सप्ताहात पोथी वाचण्याचा मान कित्येक वर्षे मामांचा. त्या वर्षी पहिल्याच दिवशी ओव्या अडखळू लागल्या. ज्या माणसाने गावाच्या दोन पिढ्यांचे शुद्धलेखन तपासले, त्याला लोकांसमोर शब्द सापडेना! दुसऱ्या दिवशी त्यांनी पोथी एका तरुणाच्या हाती दिली आणि आपण टाळ घेऊन मागच्या रांगेत जाऊन बसले. कोणाला काही बोलले नाहीत. मनाशी एवढेच ठरवून टाकले, की ऑपरेशन फसले, डोळा वाया गेला.

पुढे डावा डोळाही धुरकटू लागला. घरातले सगळे म्हणू लागले, हाही करून घ्या. मामा ऐकेनात. म्हणायचे, "एक देऊन पाहिला. दुसरा काही मी देत नाही." आता डावा डोळा दिवसेंदिवस मिटत चाललेला आणि उजवा असून नसल्यासारखा. म्हणजे माणूस धडधाकट असूनही हळूहळू अंधारात चाललेला. या अडचणीत कितीतरी घरे आहेत. पहिल्या डोळ्याचा अनुभव मनासारखा आला नाही, म्हणून दुसऱ्या डोळ्याची शस्त्रक्रिया टाळणारी माणसे तुमच्याही गावात असतील.

गेल्या दिवाळीत मी भाज्याला गेलो होतो. मामांना घेऊन लेण्यांपर्यंत चढलो. परतताना पायऱ्यांवर त्यांचा पाय चुकला, मी हात धरला म्हणून बरे. विचारले, "मामा, पायऱ्या दिसत नाहीत का?"

"दिसतात रे. पण एकीत एक मिसळतात. तेच ते आतले खांब बघ, एकेक मोजून दाखवतो तुला."

मला जरा नवल वाटले. उभे खांब दिसतात आणि आडव्या पायऱ्या दिसत नाहीत, हा काय प्रकार? घरी आल्यावर मी वर्तमानपत्राचा मोठा मथळा त्यांच्यापुढे धरला आणि डावा डोळा झाकायला सांगितले. ते म्हणाले, "काने नीट उभे दिसतात. शिरोरेघ मात्र ओल्या बोटाने पुसल्यासारखी दिसते." शिक्षकच ते, वर्णनही नेमके केले. मग पूर्वी कुठेतरी वाचलेली एक गोष्ट आठवली. वहीच्या पुठ्ठ्याला टाचणीने एक बारीक भोक पाडले आणि त्या भोकातून बघायला लावले. मामा क्षणभर गप्प राहिले, आणि मग मथळा एका दमात मोठ्याने वाचला. तो आवाज ऐकून मामी हातातले काम टाकून दारात येऊन उभ्या राहिल्या.

श्रोतेहो, या टाचणीच्या भोकात जादू काही नाही. बारीक भोकातून प्रकाशाचे अगदी थोडे किरण डोळ्यात शिरतात, म्हणून डोळ्याच्या घडणीतला दोष तितकासा आड येत नाही. भोकातून बघताना बरेच स्पष्ट दिसले, तर दोष बहुधा नंबराचा आहे, डोळ्याच्या आतल्या पडद्याचा नाही, असा अंदाज करता येतो. तो अंदाजच, बरं का! तपासणी ही डॉक्टरांनीच करायची. पण त्या अंदाजाने मामा उठून पुण्याला यायला तयार झाले, आणि माझ्या लेखी त्या टाचणीने मोठेच काम केले.

आता हा दोष काय ते पाहू. डोळ्याच्या अगदी पुढे, घड्याळाच्या काचेसारखा एक पारदर्शक भाग असतो. त्याला पारपटल म्हणतात. स्वयंपाकघरातली गोल पळी उलटी करून तिची पाठ पाहा. उभी धरा, आडवी धरा, बाक सारखाच. आता लांबट चमच्याची पाठ पाहा. लांबीच्या दिशेने बाक थोडा, रुंदीच्या दिशेने जास्त. पारपटल पळीच्या पाठीसारखे असेल तर सगळे किरण एका ठिकाणी येतात. ते चमच्यासारखे असेल तर एका दिशेचे किरण एका ठिकाणी आणि दुसऱ्या दिशेचे दुसऱ्या ठिकाणी येतात. मग उभी रेघ स्पष्ट दिसते आणि आडवी पुसट, किंवा याच्या उलट. याला दृष्टिवैषम्य म्हणतात. चष्म्याच्या दुकानात यालाच सिलिंडरचा नंबर म्हणतात. आपल्या देवनागरीत ही परीक्षा आयतीच आहे. काना उभा, शिरोरेघ आडवी.

हा दोष नवा नाही. थॉमस यंग या इंग्रज शास्त्रज्ञाने १८०१ साली स्वतःच्याच डोळ्यातला हा दोष मोजून त्याचे वर्णन केले. १८२५ साली जॉर्ज एअरी या खगोलशास्त्रज्ञाने आपल्या डोळ्यासाठी एका दिशेनेच बाक असलेली काच घडवून घेतली. आज सिलिंडरचा नंबर म्हणून जी काच मिळते, ती त्याच जातीची. थोडेफार वैषम्य बहुतेकांच्या डोळ्यात असते आणि त्याने अडत नाही. ते एकदीड अंशांच्या, म्हणजे डायॉप्टरच्या पुढे गेले, की वाचणाऱ्याला, सुईत दोरा ओवणाऱ्याला, पायऱ्या उतरणाऱ्याला जाणवू लागते.

आता मोतीबिंदूशी याचा संबंध काय? मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातले नैसर्गिक भिंग गढूळ होणे. ते पारपटलाच्या मागे, आत असते. शस्त्रक्रियेत हे गढूळ भिंग काढतात आणि त्याच्या जागी कृत्रिम भिंग बसवतात. आपल्या सुश्रुतसंहितेत गढूळ भिंग सुईने बाजूला सारण्याची कृती आहे. फ्रान्सच्या दाव्हिएल याने १७४७ साली ते बाहेर काढण्याची रीत सुरू केली. पण त्या काळी आत दुसरे काही बसवीत नसत. म्हणून आपल्या आजोबापणजोबांच्या नाकावर तो जाडजूड भिंगाचा चष्मा असे. १९४९ साली लंडनच्या हॅरल्ड रिडली यांनी डोळ्यात पहिले कृत्रिम भिंग बसवले. युद्धात विमानाच्या छताचे पारदर्शक प्लास्टिक फुटून त्याचे तुकडे वैमानिकांच्या डोळ्यात शिरत आणि डोळा ते निमूट सोसून घेई, हे त्यांनी पाहिले होते. १९६७ साली अमेरिकेच्या चार्ल्स केलमन यांनी ध्वनिलहरींनी भिंग फोडून बारीक छेदातून ओढून घेण्याची युक्ती काढली. १९९२ साली मदुराईत स्वस्त कृत्रिम भिंगे बनू लागली आणि ती गरिबाच्या आवाक्यात आली. आपल्याकडे डॉ. तात्याराव लहाने यांच्यासारख्या सर्जनांनी बिनटाक्याची शस्त्रक्रिया शिबिरांतून खेडोपाडी पोहोचवली.

नवे भिंग शिरण्यासाठी डोळ्याच्या कडेला छेद हा द्यावाच लागतो, आणि आपली खरी गोष्ट इथे सुरू होते. भाज्याच्या मोठ्या चैत्यगृहात तुम्ही गेला असाल, तर दोन गोष्टी नजरेत भरल्या असतील. एक म्हणजे छताच्या लाकडी फासळ्यांची कमान, आणि दुसरी म्हणजे आतल्या बाजूला कललेले २७ अष्टकोनी खांब. हे खांब चुकून कललेले नाहीत. पूर्वी अशा इमारती लाकडाच्या असत. कमानीचा भार खांबांना बाहेर ढकलतो, म्हणून ते आत कलते रोवीत. पुढे दगडात कोरतानाही तीच रीत पाळली, असे जाणकार सांगतात. कमानीचे पाय बाहेर सरकले की कमान चपटी होते, हे त्या सुताराला पक्के ठाऊक होते.

पारपटल हीदेखील एक कमानच आहे. तिच्या पायाशी छेद दिला की तेवढी बाजू सैल पडते आणि त्या दिशेचा बाक कमी होतो. छेद जितका मोठा आणि बुबुळाच्या जितका जवळ, तितका परिणाम अधिक. म्हणजे सर्जनचा छेद नुसता दरवाजा नसतो. तो डोळ्याचा बाकही बदलतो. ज्या दिशेला बाक आधीच कमी, तिथे छेद दिला तर वैषम्य वाढते. ज्या दिशेला बाक जास्त, तिथे दिला तर ते घटते.

मामांच्या उजव्या डोळ्यात हेच झाले असावे. म्हातारपणी पुष्कळांच्या पारपटलाचा आडवा बाक उभ्यापेक्षा जास्त होत जातो. छेद डोळ्याच्या वरच्या बाजूने दिला, तर उभा बाक आणखी थोडा उतरतो. आधीचे थोडे वैषम्य आणि छेदाने पडलेली थोडी भर. यात कोणाचा गुन्हा नाही. वरून छेद देण्याची रीत रूढ आहे, सुरक्षित आहे, आणि उरलेला नंबर चष्म्याने काढता येतो. पण चष्मा काढायलाच जर आपण गेलो नाही, तर?

पुण्यातल्या एका नेत्ररुग्णालयात मामांचा उजवा डोळा तपासला. आतला पडदा निरोगी निघाला. भिंग जागच्या जागी. फक्त सव्वादोन डायॉप्टरचे वैषम्य. तपासणीच्या चौकटीत सिलिंडरची काच घातली, ती हळूहळू फिरवली, आणि एका ठिकाणी मामा म्हणाले, "थांबा, इथेच ठेवा." समोरच्या तक्त्यावरच्या बारीक ओळीही त्यांनी वाचल्या. मग चष्मा डोळ्यावरून उतरवला, पुन्हा चढवला आणि डॉक्टरबाईंना म्हणाले, "बाई, म्हणजे डोळा कधी गेलाच नव्हता?" सहा वर्षे माणसाने एक चांगला डोळा मेला म्हणून समजून काढली होती. दोष सारा एका काचेचा!

त्यानंतर डाव्या डोळ्याची गोष्ट निघाली. डॉक्टरबाईंनी यंत्रासमोर हनुवटी टेकवून पारपटल मोजले. प्रकाशाची वर्तुळे डोळ्यावर पाडून त्यांचे प्रतिबिंब किती ताणले जाते, त्यावरून बाक काढतात. आडवा बाक ४४, उभा साडेबेचाळीस. फरक दीड. "गुरुजी, तुमच्यापुढे रस्ते आहेत," त्या म्हणाल्या आणि त्यांनी एकेक समजावून सांगितला. तेच तुमच्यासाठी मांडतो.

पहिला रस्ता छेदाची जागा निवडण्याचा. जिथे बाक जास्त, त्या बाजूने आत शिरायचे. आडवा बाक जास्त असेल तर कानशिलाच्या बाजूने, उभा जास्त असेल तर वरून. यंत्राच्या शस्त्रक्रियेतला छेद दोनतीन मिलिमीटरचा असतो. त्याने जेमतेम पाव ते अर्धा डायॉप्टर उतरतो. बिनटाक्याच्या हातशस्त्रक्रियेतला छेद सहा मिलिमीटरच्या आसपास असतो. त्याने त्याहून अधिक, कधी एक डायॉप्टरपर्यंत फरक पडतो. यात वेगळे भिंग लागत नाही. लागते ती आधीची मोजणी आणि सर्जनचा त्या बाजूने काम करण्याचा सराव.

दुसरा रस्ता सैल करणाऱ्या छेदांचा. मुख्य छेदाखेरीज पारपटलाच्या कडेला, जास्त बाकाच्या दिशेने, एक किंवा समोरासमोर दोन कमानदार छेद देतात. ते आरपार जात नाहीत. एक ते दीड डायॉप्टरच्या आसपासचे वैषम्य याने उतरवता येते. हे छेद हाताने देतात, लेसरच्या यंत्रानेही देतात. मात्र प्रत्येक डोळा आपल्या परीने भरून येतो, त्यामुळे परिणामाचा अंदाज थोडा इकडेतिकडे होतो. पारपटल पातळ असेल किंवा शंकूसारखे पुढे येत असेल, तर हा रस्ता वर्ज्य. जास्त बाकाच्या दिशेने छेद देऊन वैषम्य कमी होईल ही कल्पना हॉलंडच्या स्नेलेन यांनी १८६९ साली मांडली होती. दवाखान्यात भिंतीवर अक्षरांचा जो तक्ता असतो, तो ज्यांच्या नावाने ओळखतात तेच हे स्नेलेन.

तिसरा रस्ता टॉरिक भिंगाचा. डोळ्यात बसवायच्या कृत्रिम भिंगातच सिलिंडरचा नंबर घडवलेला असतो. १९९४ साली जपानच्या शिमिझू यांनी अशा भिंगाचे अनुभव प्रसिद्ध केले. आज एकदीड डायॉप्टरच्या पुढच्या नियमित वैषम्यासाठी हाच सर्वांत भरवशाचा उपाय मानतात. यात दिशेला मोठे महत्त्व आहे. भिंगावर बारीक खुणा असतात आणि त्या पारपटलाच्या जास्त बाकाशी जुळवून बसवाव्या लागतात. माणूस आडवा झाला की डोळा खोबणीत थोडा फिरतो, म्हणून रुग्णाला बसवूनच डोळ्यावर खूण करून घेतात. भिंग एक अंश फिरले तर सुमारे ३ टक्के गुण कमी होतो. ३० अंश फिरले तर काहीच उपयोग उरत नाही, आणि त्यापुढे उलट नवेच वैषम्य तयार होते. भिंग फिरायचे असेल तर बहुधा पहिल्या काही दिवसांत फिरते. म्हणून सांगितलेल्या दिवशी तपासणीला गेलेच पाहिजे. फिरले असेल तर वेळेवर पुन्हा जुळवता येते. हे भिंग साध्या भिंगापेक्षा बरेच महाग असते. आणि एक गोष्ट नीट लक्षात घ्या, ते घातले तरी जवळचे वाचायला बहुतेकांना चष्मा लागतोच.

चौथा रस्ता साध्या भिंगाचा आणि वर चष्म्याचा. पुष्कळांना याची लाज वाटते, ऑपरेशन करूनही चष्मा कसला म्हणतात. पण योग्य नंबराचा चष्मा हा उत्तम उपाय आहे, आणि चुकला तर बदलता येतो. शस्त्रक्रियेनंतर डोळा स्थिर झाल्यावर पारपटलावर लेसर फिरवून उरलेला नंबर काढण्याचीही सोय आहे, पण ती थोड्यांच्या उपयोगाची.

मामांनी सगळे ऐकून घेतले. मग विचारले, "बाई, मी तुमचा बाप असतो तर?" डॉक्टरबाई हसल्या. म्हणाल्या, "तुमच्या उजव्या डोळ्याला सिलिंडरचा चष्मा आता कायम लागणार. चष्मा नाकावर असणारच आहे, तर डाव्यासाठी महागडे भिंग घेऊन फार काही साधणार नाही. मी कानशिलाच्या बाजूने जाते. जेवढे उतरेल तेवढे उतरेल, उरेल ते काचेत घालू. दोन्ही डोळे नवे असते, तर कदाचित वेगळे सांगितले असते." मला हे उत्तर फार आवडले. महाग ते चांगले, असा हिशेब तिथे नव्हता. या माणसाला या डोळ्याने काय करायचे आहे, असा हिशेब होता.

तसेच झाले. डाव्या डोळ्याचे दीड डायॉप्टरचे वैषम्य पाऊणवर आले. दीड महिन्याने, या वेळी न चुकता, नंबर काढला. शेतीची कामे होतीच. ती दोन दिवस थांबली आणि काही बिघडले नाही.

श्रोतेहो, यावरून मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांना तीन प्रश्न विचारावेत, असे मला वाटते. पहिला, माझ्या पारपटलाचा बाक दोन्ही दिशांनी मोजला का, आणि फरक किती आहे? जुन्या चष्म्याच्या नंबरावरून हे कळत नाही. त्या नंबरात गढूळ भिंगाचाही वाटा असतो आणि ते भिंग तर निघूनच जाणार. दुसरा, छेद कोणत्या बाजूने देणार, आणि त्याने हा फरक वाढेल की घटेल? तिसरा, शेवटी मला कोणता चष्मा लागेल आणि तो कधी काढायचा? प्रश्न विचारणे म्हणजे अविश्वास नव्हे. विचारणारा रुग्ण सांभाळायला सोपा जातो, असे डॉक्टरच म्हणतात.

मोजणी खरी यावी म्हणून आपणही थोडे करायचे आहे. डोळे कोरडे पडत असतील, चुरचुरत असतील, तर आधी सांगावे. तसल्या डोळ्याचे माप चुकते. शेतात उन्हावाऱ्यात काम करणाऱ्यांच्या डोळ्यात नाकाच्या बाजूने बुबुळावर मांस चढते. ते पारपटलाला ओढून बाक बिघडवते. ते मोठे असेल तर आधी काढावे लागते आणि मग मोजणी करावी लागते. आणि मोतीबिंदू "पिकेपर्यंत" थांबायचे, ही समजूत आता सोडून द्या. रोजच्या कामात अडू लागले की दाखवावे. फार पिकलेल्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया उलट अवघड होते.

एक गोष्ट माझ्या विषयातली. तंजावरचे मराठे राजे दुसरे सरफोजी यांना नेत्रवैद्यकाची फार गोडी. त्यांच्या काळात, म्हणजे १८३२ पूर्वी, डोळ्यांवर उपचार घेतलेल्या रुग्णांची टिपणे आणि त्यांच्या डोळ्यांची चित्रे काढून ठेवली गेली. ती तिथल्या सरस्वती महाल ग्रंथालयात आजही आहेत. सुमारे दोनशे वर्षांपूर्वीच्या रुग्णांचे कागद राजाने जपले, आणि आमच्या मामांचा कागद सहा वर्षांत छपराखाली हरवला! म्हणून सांगतो, कोणता डोळा, कोणत्या तारखेला, कोणत्या नंबराचे भिंग, हे लिहिलेला कागद घराच्या सातबाऱ्याबरोबर ठेवा. पुढच्या डॉक्टरांना तो फार उपयोगी पडतो.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक विनंती. हा दोष म्हाताऱ्यांपुरता नाही, मुलांच्या डोळ्यातही असतो. फळ्यावर सारख्या जाडीची एक उभी आणि एक आडवी रेघ काढा, मुलाला एकेक डोळा झाकून विचारा, दोन्ही सारख्याच ठळक दिसतात का? एखादा मुलगा मात्रा आणि वेलांट्या सतत चुकवत असेल, तर छडीआधी त्याचा डोळा आठवा. आणि गावात कोणाचा मोतीबिंदू काढून झाला असेल, तर सहा आठवड्यांनी त्यांना एवढेच विचारा, "चष्म्याचा नंबर काढला का?" पट्टी सुटली म्हणजे शस्त्रक्रिया संपली असे आपण समजतो. खरे तर ती चष्म्याच्या तपासणीला संपते.

यंदाच्या सप्ताहाला मी मुद्दाम भाज्याला गेलो. मामा मागच्या रांगेत नव्हते. पोथीसमोर बसले होते, नाकावर नवा चष्मा. ज्या तरुणाने सहा वर्षे वाचन सांभाळले, त्याला त्यांनी शेजारी बसवून घेतले होते. एक अध्याय तो वाचत होता, एक हे. माझी चाहूल लागली तसे त्यांनी पान उलटता उलटता वर पाहिले आणि शिरोरेघेवर बोट ठेवून हळूच म्हणाले, "दिसते रे, सरळ दिसते."